हत्यार आहे, हात कुठे आहे?

एका पावसाळ्यात आमच्या आळीत लागोपाठ तीन घरफोड्या झाल्या. आमचे गाव तालुक्याचे. इथे चोरी झाली म्हणजे चोराने काय नेले ह्यापेक्षा तो शिरला कुठून ह्याचीच चर्चा जास्त. पंधरा दिवस कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. कोणी खिडक्यांना जादा गज बसविले, कोणी कॅमेरा लावला, कोणी कुत्रे आणले. आमच्या शेजारच्या तात्यांनी गुप्ती आणली.

तात्या म्हणजे सेवानिवृत्त मुख्याध्यापक. साठी उलटलेली, अंगकाठी काटक, आणि आवाज असा की त्यांच्या शाळेच्या भिंतींत तो अजून घुमत असेल. कुठल्याशा जत्रेत जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात त्यांना ही गुप्ती मिळाली. दिसायला साधी काळी काठी. मूठ पिळून ओढली की आतून दीड हाताचे पाते बाहेर येते. त्यांनी ती मला दोनदा ओढून दाखविली. दुसऱ्या वेळी पाते अर्ध्यावर अडकले.

"जरा तेल दिले पाहिजे," तात्या म्हणाले.

"पण तात्या, चालवायची कशी ते कोणाला विचारलेत का?"

"अहो सर, त्यात विचारायचे काय? टोक पुढे करायचे!"

दोन महिने ती गुप्ती त्यांच्या उशाशी होती. दिवाळीच्या तोंडावर एका रात्री दोनच्या सुमारास मागच्या दाराचे कुलूप खडखडले. तात्या उठले. दिवा लावला तर चोर सावध होईल असा हिशेब करून त्यांनी दिवा लावला नाही. भिंत चाचपीत स्वयंपाकघरापर्यंत गेले. दार उघडले होते आणि काळोखात एक उंच आकृती वाकून पायांतले काढीत होती. तात्यांनी टोक पुढे केले.

तो त्यांचा मुलगा होता. पुण्याहून सकाळी यावयाचा, तो आधीची गाडी मिळाली म्हणून रात्रीच आला. आईवडिलांची झोपमोड नको म्हणून तुळशीच्या कोनाड्यातली किल्ली घेऊन तो मागच्या दाराने शिरला. अंगावर काही तरी येते आहे एवढे त्याला दिसले आणि त्याने ते उजव्या हाताने धरले. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. मिरजेला नेऊन शस्त्रक्रिया केली. त्याची करंगळी आजही पुरती मिटत नाही.

मुलगा वडिलांवर रागावला नाही. तात्याच स्वतःवर असे रागावले की महिनाभर कट्ट्यावर आले नाहीत. मी भेटावयास गेलो तेव्हा बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "सर, मी टोक पुढे केले. कोणापुढे करतो आहे, ते बघायचे राहिले."

ह्यावरून कोणी म्हणेल की सामान्य माणसाने हत्याराच्या वाटेला जाऊच नये. तसे मला म्हणावयाचे नाही. शेतवस्तीवर एकटे घर असलेल्या माणसाला असला उपदेश शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरून करणे सोपे आहे. आणि हत्यार बाळगणारा प्रत्येक जण तात्यांसारखा कोराही नसतो. ऊस तोडणाऱ्या बाईच्या हातातला कोयता पाहा. तिला स्वसंरक्षणाचे शिक्षण कोणी दिलेले नाही. पण सकाळपासून सांजेपर्यंत तो चालवून त्याचे वजन, त्याची लांबी, त्याची धार तिच्या मनगटाला पाठ झालेली असते. तिच्या वाटेला जाताना माणूस दोनदा विचार करील. जुन्नरकडच्या बिबट्याच्या मुलखात शेतकरी रात्री घुंगुरकाठी घेऊन पाणी पाजावयास जातात. ती काठी मारण्यासाठी कमी आणि वाजण्यासाठी जास्त असते. हत्याराचे पहिले काम समोरच्याला दूर ठेवण्याचे, हे त्या शेतकऱ्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळले आहे.

प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्यांचा आहे. आपल्या हाताला पेन, पिशवी आणि मोबाइल यांपलीकडे कशाची सवय नाही. आपण भ्यालो म्हणजे दुकानात जातो, काही तरी विकत आणतो, आणि भीती कमी झाली असे समजतो.

मला हे थोडेफार कळते ह्याचे श्रेय माझ्या मराठीच्या पदवीला नाही. माझे बालपण कोल्हापुरात गेले, आणि आमच्या पेठेत तालमीला न जाणारे पोर म्हणजे घरात काही दुखणेखुपणे असलेले पोर असाच समज होता. कुस्तीत माझा काही लाग लागला नाही. तेव्हा वडिलांनी मला मर्दानी खेळ शिकविणाऱ्या एका वस्तादांकडे नेऊन सोडले. वस्ताद दिवसा फौंड्रीत कामाला असत. संध्याकाळी हातपाय धुऊन तालमीत येत, मारुतीला नमस्कार करीत आणि आम्हा पोरांना रांगेत उभे करीत. वेताची एक काठी त्यांनी माझ्या कानाच्या पाळीशी लावून तोडून दिली. मला वाटले, आता ही गरगर फिरवायची. दीड महिना मी ती खांद्यावर टेकवून जमिनीवर खडूने आखलेल्या चौकोनात पाय टाकीत होतो. पुढे, मागे, तिरपे, पुन्हा मागे. तक्रार केली तर वस्ताद म्हणत, "पाय जाग्यावर न्हाईत आन् काठी घिऊन काय करतोस? बोचकं वाळत घालणार हाईस काय तिच्यावर?"

पुढे जोडीने खेळ सुरू झाला तेव्हा माझी नजर समोरच्याच्या काठीच्या टोकावर खिळलेली असे आणि मी हटकून मार खाई. वस्तादांनी एकदा माझी हनुवटी धरून वर केली. "आरं, काठी कुठं बघतोस? खांदा बघ, खांदा. खांद्याला इचारल्याबिगर काठी हालत न्हाई." हे वाक्य मला त्या वयात विनोदी वाटले होते. आज वर्गात मागच्या बाकावर कोण कोणाची खोडी काढणार आहे हे मला फळ्याकडून वळल्याबरोबर कळते, ते त्याच वाक्याच्या जोरावर.

त्यांचा आणखी एक प्रकार होता. खेळ रंगात आला की ते एकदम दिवा घालवीत. काळोखात कोणी तरी एक जण, कोण ते त्यांनी आधीच कानात सांगून ठेवलेले असे, आमच्यावर चालून येई. नियम एकच. "कोण?" असे ओरडल्याशिवाय आणि एक पाऊल मागे घेतल्याशिवाय काठी उचलायची नाही. जो उचलील त्याला पन्नास बैठका. मी दोनदा पन्नास बैठका मारल्या. तात्यांची हकीकत कळली त्या रात्री मला झोप आली नाही आणि त्या बैठका आठवत राहिल्या. तात्यांजवळ "कोण?" म्हणून ओरडण्याजोगा केवढा आवाज होता! पण चाळीस वर्षे वर्गात वापरलेला तो आवाज हत्यारापाशी त्यांना आठवला नाही, कारण त्या दोहोंची गाठ कोणी घालून दिलेली नव्हती.

भाषेचा मास्तर असल्यामुळे एका शब्दापाशी थांबल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 'तालीम' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळचा अर्थ शिक्षण. कुस्तीची जागाही तालीम आणि नाटकवाले पडदा उघडण्यापूर्वी महिनाभर करतात तीही तालीमच. 'कसरत' हाही अरबीच. मुळात त्याचा अर्थ विपुलता, पुष्कळपणा. एकदा केलेली गोष्ट कसरत होत नाही, पुष्कळदा केलेली होते. आणि मराठीत आपण भांडणाऱ्या बाईच्या किंवा बुवाच्या जिभेला 'पट्टा' म्हणतो. ज्याने खरा पट्टा हातात घेतला आहे त्याला ह्या उपमेतली गंमत नीट कळते. पट्टा म्हणजे सरळ, लांब, दुधारी, लवचीक पाते. त्याच्या मुठीला जोडून कोपराकडे जाणारी पोलादी खोळ. हात आत घातला की मनगट जखडले जाते, वळत नाही. वार मनगटाने न करता खांद्याने आणि सगळ्या अंगाने करावा लागतो. नवशिक्याने तो फिरविला तर पहिली भीती समोरच्याला नसून त्याच्या स्वतःच्याच पोटरीला. जिभेच्या पट्ट्याचेही काहीसे असेच आहे, पण असो.

म्हणून आमच्या लोकांनी पट्ट्याआधी फरीगदगा ठेवला. फरी म्हणजे कातडी ढाल आणि गदगा म्हणजे कातडे गुंडाळलेली काठी. लागले तर हुळहुळते, तुटत काही नाही. घोड्यावरच्या भाल्याआधी बोथाटी ठेवली. तिच्या टोकाला पात्याऐवजी मऊ गोळा. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला, दहा खंडांचा. ह्या विषयावर एवढा पसारा मराठीत झाला, ही आपण विसरून गेलेली गोष्ट आहे.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. मी वर्गातली मुले घेऊन गेलो होतो. रांग मोठी होती. ती हीच वाघनखे का, ह्यावर वाद आहे आणि त्या लंडनच्या संग्रहालयानेही तशी खात्री दिलेली नाही. पण काचेपलीकडच्या त्या चार पोलादी नखांपुढे माणसे हात जोडीत होती, आणि मीही जोडले. परतताना एका मुलाने विचारले, "सर, एवढ्याशा वस्तूने एवढे मोठे काम कसे झाले?"

मी त्याला म्हणालो, एवढ्याशा वस्तूने ते झालेच नाही. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीची तयारी आठवून पाहा. भेटीची जागा महाराजांनी निवडली, प्रतापगडाच्या पायथ्याशी, जिथे अफजलखानाच्या मोठ्या फौजेचा उपयोग होणार नव्हता. बरोबर किती माणसे आणावयाची हे आधी ठरवून घेतले. रानात फौज दबा धरून होती, तोफेची खूण ठरलेली होती. अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली शिरस्त्राण. खानाचा वार आला तो चिलखतावर. जिवा महाला हाताच्या अंतरावर उभा होता, म्हणून सय्यद बंडाचा वार महाराजांपर्यंत पोचला नाही. ह्या सगळ्या तयारीचे शेवटचे टोक म्हणजे ती नखे. आपण काचेच्या पेटीत टोक ठेवतो, कारण बाकीची तयारी पेटीत मावत नाही.

पोराला ते कितपत पटले कोण जाणे. बाहेर आल्यावर त्याने खेळण्यातली प्लॅस्टिकची वाघनखे विकत घेतली.

आता कायद्याविषयी थोडे, कारण गुप्तीच्या प्रकरणानंतर आळीत ह्याची फार चर्चा झाली आणि बरेचसे बोलणे ऐकीव होते. आपल्याकडे १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला आणि हिंदी माणसाला परवान्याखेरीज शस्त्र बाळगणे बंद झाले. युरोपीयांना त्यातून मोकळीक होती. आमच्या तालमींतल्या विद्येला 'युद्धकला' सोडून 'मर्दानी खेळ' हे नाव चिकटले त्यालाही असलेच काही कारण असावे, असा माझा आपला तर्क आहे. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात शस्त्राची जी व्याख्या आहे ती वाचून मला मोठी मौज वाटली. हल्ल्यासाठी अथवा बचावासाठी बनविलेली वस्तू ती शस्त्र; मात्र निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत, आणि उदाहरणादाखल त्या कायद्याने नावे घेतली आहेत ती लाठीची आणि चालताना हाती धरावयाच्या साध्या काठीची. ज्या लाठीने वर्तमानपत्रांना 'लाठीमार' हा शब्द दिला ती कायद्याच्या लेखी घरगुती वस्तू! तीच काठी पोकळ करून आत पाते बसविले की ती गुप्ती होते आणि नियमांतल्या तलवारींच्या रांगेत जाऊन बसते. बंदुकीचा परवाना मागणाऱ्याला २०१६ च्या नियमांनी ती सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला आणावयास सांगितले. जत्रेतल्या दुकानदाराने तात्यांना काय विचारले होते? पिशवी देऊ का, एवढेच.

स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव, आपली मालमत्ता यांचे रक्षण करण्याचा हक्क कायदा देतो, आणि तो बऱ्याच लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ ह्या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ह्या कलमांत आहे. जीव जाईल, जबर दुखापत होईल, बलात्कार होईल, अ‍ॅसिड फेकले जाईल अशी रास्त भीती असेल, तर बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा ठरत नाही. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीलाही तसाच मोठा हक्क आहे. पण त्याबरोबर एक अट येते: बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून अधिक नाही; आणि पोलिसांची मदत मिळण्याइतका अवसर असेल तर हा हक्कच नाही. आता हे 'लागेल तेवढीच' काळोखात, रात्री दोन वाजता, छाती धडधडत असताना ठरवायचे कोणी? आमच्या गावातले एक ज्येष्ठ वकील मला म्हणाले, "सर, न्यायालय सोनाराच्या तराजूत तोलून मागत नाही. पण चोर पाठ फिरवून पळत असताना मागून घातलेला घाव मी बचाव म्हणून कसा दाखवू?" पळणाऱ्याला सोडून देणे हे ज्याच्या अंगात भिनले नाही त्याला ते त्या क्षणी सुचत नाही. आमच्या वस्तादांकडे समोरच्याची काठी पडली की आपली काठी खाली करावयाची असे, आणि न करणाऱ्यालाही बैठका. तात्यांनी ती गुप्ती पुढे रीतसर पोलिस ठाण्यात नेऊन दिली.

ज्या गोष्टीने मला हा लेख लिहावयास बसविले ती मात्र तात्यांची नव्हे. ती माझ्या महाविद्यालयातली आहे, आणि तिच्यात माझाही दोष आहे.

मुलींसाठी स्वसंरक्षणाचे शिबिर भरविण्याचे काम एका वर्षी माझ्याकडे आले. शाळांतून सहावीपासूनच्या मुलींसाठी केंद्र सरकारची राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची तीन महिन्यांची योजना आहे. महाविद्यालयात आपापल्या कुवतीप्रमाणे चालते. आमची कुवत पाच दिवसांची होती. बाहेरून एक प्रशिक्षक बोलाविले. गृहस्थ उत्साही होते. पाचव्या दिवशी समारोपाला मुलींनी एका हाताच्या फटक्यात कौले फोडली, पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या, छायाचित्र दैनिकात आले. प्रशस्तिपत्रके वाटून झाल्यावर मी मोठ्या समाधानाने मंडप आवरीत होतो, तेव्हा दुसऱ्या वर्षातली एक मुलगी घुटमळत उभी असलेली दिसली. वाडीवरून एस.टी.ने येणारी, अबोल, माझ्या शेवटच्या तासाला हल्ली वारंवार गैरहजर. त्याबद्दल मी तिला चार मुलींदेखत बोललोही होतो.

"सर," ती म्हणाली, "कौल काही आपला हात धरत नाही."

मी हसलो. तिला हसू आले नाही.

"आणि कौलाला आपण काका म्हणत नाही."

मग हळूहळू कळले ते असे. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीला तिच्या वाडीचे एक गृहस्थ असत. वडिलांचे स्नेही, घरी जाणेयेणे, लहानपणापासून काका. ते तिच्या शेजारी येऊन बसत. पुढचे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ती गाडी टाळावी म्हणून ती शेवटचा तास बुडवीत होती. शेवटचा तास माझा होता.

"तुझ्याजवळ तो फवारा आहे ना, मिरपुडीचा?" मी काही तरी बोलायचे म्हणून बोललो.

"आहे ना. पण काकांच्या डोळ्यांत कसा मारू?"

मला उत्तर सुचले नाही. मानसशास्त्राच्या आमच्या सहकारी बाईंना मी हे नाव न सांगता विचारले, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी दाखविल्या. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते ते असे, की बलात्काराच्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी त्या बाईच्या ओळखीतले असतात. आणि दुसरी, २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला कॅनडातल्या तीन विद्यापीठांचा प्रयोग. पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनी घेतल्या. निम्म्यांना बारा तासांचे शिक्षण दिले, बाकीच्यांना नुसती माहितीपत्रके. वर्षानंतर पाहिले तर माहितीपत्रके घेणाऱ्यांत १०० पैकी ९.८ जणींवर बलात्कार झालेला होता आणि शिक्षण घेतलेल्यांत ५.२ जणींवर. संकट निम्म्याच्या आसपास आले. आणि त्या बारा तासांत भर हत्यारावर नव्हता. तीन-तीन तासांचे चार भाग, त्यांतल्या एकाच भागात हातपाय चालविण्याचे शिक्षण. बाकीचा बराचसा वेळ ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणे आणि त्याला विरोध करताना मनात जो संकोच दाटतो तो पार करणे, ह्यावर दिलेला.

तेव्हा पुढच्या सत्रात आम्ही शिबिर सोडले आणि आठवड्यातून दोन दिवस वर्ग लावला. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळातल्याच एक बाई शिकवावयास मिळाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ज्यांच्या पर्समध्ये फवारे होते अशा सात मुलींना मैदानात उभे केले आणि म्हणाल्या, "काढा." मी घड्याळ धरले. सर्वांत चपळ मुलीला नऊ सेकंद लागले. एकीचा फवारा डब्याखाली होता, एकीच्या फवाऱ्याची मुदत वर्षापूर्वी संपलेली, एकीला झाकणाची कळच सापडेना. वारा कुठून वाहतो आहे हे एकीनेही पाहिले नाही. नऊ सेकंदांत मी फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत रमतगमत जाऊन येतो.

मग बाईंनी पर्स बाजूला ठेवावयास सांगितल्या आणि एकेकीचा दंड धरून म्हणाल्या, "आता मला हात काढायला सांग." वाचकहो, त्या दिवशी मी व्याकरणाचा जो धडा पाहिला तो वीस वर्षांत शिकविला नव्हता. एकेक मुलगी म्हणे, "अहो, हात काढा ना." आदरार्थी बहुवचन आणि शेवटी 'ना'! मराठीत हा 'ना' आज्ञेची विनवणी करून टाकतो. बाई दंड सोडीत नसत. "मी तुझी कोण लागते? पाया पडतीस व्हय माझ्या? 'हात काढ' म्हण." एकीच्या तोंडून ते येईना. वक्तृत्वस्पर्धेत ढाली जिंकून आणणाऱ्या मुली. शेलक्या शब्दांनी सभागृह हलविणाऱ्या. पण वयाने मोठ्या माणसाला अरेतुरे करावयाचे म्हटल्यावर त्यांचा गळा बसे. आपण त्यांना दोन वर्षांच्या असल्यापासून 'अहो म्हण, अहो म्हण' एवढेच शिकविलेले असते, आणि त्यात माझा वाटा लहान नाही. दुसऱ्या आठवड्यात कोणी तरी कुजबुजल्यासारखे "हात काढ" म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात ते कार्यालयापर्यंत ऐकू येऊ लागले, आणि लिपिक चौकशीला आले.

त्यानंतर मात्र बाईंनी पाय शिकविले, मनगट सोडविणे शिकविले, आणि सत्र संपता संपता काठीही दिली. ती अबोल मुलगी पायांत चांगली होती. काठी तिने फारशी मनावर घेतली नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी तिचे वडील महाविद्यालयात आले. पटका काढून हातात घेतलेला, बसा म्हटले तरी बसेनात. त्यांच्याकडून मला कळले की आदल्या आठवड्यात पोरीने शेवटच्या गाडीत उभे राहून आरडाओरडा केला. आधी म्हणे "काका, हात काढा" म्हणाली, आणि मग "हात काढ!" असे ओरडली की ड्रायव्हरनेही मान वळविली. कंडक्टरने घंटी मारली. ते गृहस्थ थांबा नसताना उतरून गेले आणि रात्री घरी येऊन पोरीने चारचौघांत अपमान केला म्हणून बसले.

"दोन दिवस मी पोरीशी बोललो न्हाई," वडील म्हणाले. "सर, तुम्ही हितं काय शिकविता?"

"मराठी," मी म्हणालो. दुसरे काही सुचलेच नाही.

त्या दिवशी वर्ग होता. बाईंनी त्यांना दारात उभे न ठेवता आत बोलाविले आणि म्हणाल्या, "दादा, जरा हिचा हात धरा बघू. घट्ट." त्यांनी संकोचत पोरीचे मनगट धरले. तिने एक पाऊल तिरपे टाकले आणि मनगट त्यांच्या अंगठ्याच्या बाजूने सोडवून घेतले. त्यांनी पुन्हा धरले, जरा जास्त जोराने. पुन्हा सुटले. ते आपल्या रिकाम्या पंजाकडे बघत राहिले.

जाताना त्यांनी मला व्हरांड्यात गाठले. वर्ग किती वाजता सुटतो, असे विचारले. मी म्हणालो, पावणेसहाला.

"साडेचारची गाडी घावंल असं करा की," ते म्हणाले. "त्या गाडीला आमच्या वाडीच्या लई बाया असतात बाजारच्या."

मी वेळापत्रक काढून बसलो. माझा शेवटचा तास मी दुपारी एकला घेतला, आणि बाईंचा वर्ग तीनला.